कासदाह कसा ओळखावा आणि कसा रोखावा: नव्याने गायी सांभाळणाऱ्यांसाठी

कासेच्या जिवाणूजन्य दाहाला गोठ्यात ‘दगडी’ म्हणतात. सुजलेली कास हाताला दगडासारखी घट्ट लागते, त्यावरून हे नाव पडले आणि ते चपखलही आहे. मात्र नव्याने गायी सांभाळू लागलेल्या माणसाची त्याने दिशाभूल होते, कारण कास घट्ट होण्याची वाट पाहणाऱ्याला या रोगाचा फार लहान भाग दिसतो. कासदाह झालेल्या बहुतेक गायींची कास मऊच असते, दूध नेहमीसारखे पांढरे दिसते, गाय चारा खाते, रवंथ करते. आणि तरीही एखाद्या सडाच्या वरच्या भागात जिवाणू वाढत असतात, दूध तयार करणाऱ्या पेशी मरत असतात आणि रोजचे दूध थोडे थोडे घटत असते. या अवस्थेला सुप्त कासदाह म्हणतात. पुढची प्रत्येक पायरी या न दिसणाऱ्या रोगाला समोर ठेवून लिहिली आहे. उपचारांचा भाग मुद्दाम मागे ठेवला आहे, कारण नवख्यांचे बहुतेक प्रश्न ‘सडात औषधाची कोणती ट्यूब सोडावी’ इथून सुरू होतात, आणि ट्यूब हे या कामातले सर्वांत कमी भरवशाचे साधन आहे असे माझे स्पष्ट मत आहे.

पायरी १: सडाचे टोक समजून घ्या

गायीच्या कासेचे चार भाग असतात आणि प्रत्येक भागाला एक सड असतो. बाहेरून कास एकसंध दिसली तरी आतून हे चारही भाग स्वतंत्र असतात. एका भागातले दूध दुसऱ्यात जात नाही. त्यामुळे एक भाग आजारी पडला म्हणून शेजारचा भाग आतल्या आत आजारी पडत नाही. तो आजारी पडतो तेव्हा बहुतेक वेळा जिवाणू पुन्हा बाहेरून, त्याच्या स्वतःच्या सडातून आत गेलेले असतात, आणि त्यांना तिथवर पोहोचवणारा हात, फडके किंवा यंत्राचा कप आपलाच असतो.

जिवाणूंची आत जाण्याची वाट म्हणजे सडाच्या टोकाशी असलेली, सुमारे एक सेंटिमीटर लांबीची अरुंद नळी. तिच्याभोवती गोल स्नायू असतो, जो दोन धारांच्या मधल्या वेळेत तोंड आवळून धरतो, आणि आतून केराटिन नावाच्या मेणचट पदार्थाचा थर असतो, जो जिवाणूंना अडकवतो आणि त्यांतल्या काहींना मारतोही. धार काढताना या थराचा काही भाग दुधाबरोबर निघून जातो आणि पुन्हा नवा तयार होतो. धार संपली की ही नळी लगेच मिटत नाही. स्नायू पुरता आवळला जायला साधारण अर्धा तास ते दोन तास लागतात. या काळात सड ओला असतो, त्याच्या टोकावर दुधाचा थेंब असतो आणि दार किलकिले उघडे असते. कासदाह रोखण्याच्या बऱ्याचशा कामाचा अर्थ या एका सेंटिमीटरचे आणि या दोन तासांचे रक्षण करणे एवढाच आहे.

पायरी २: जिवाणूंचे दोन गट वेगळे करा

कासदाह करणारे जिवाणू अनेक आहेत, पण कामाच्या दृष्टीने त्यांचे दोन गट करता येतात. पहिला गट गायीकडून गायीकडे जाणारा. स्टॅफिलोकोकस ऑरियस, स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए आणि मायकोप्लाझ्मा बोविस हे त्यातले मुख्य. त्यांचा मोठा साठा आजारी कासेतच असतो आणि ते धार काढतानाच पसरतात. दुसरा गट परिसरातला: ई. कोलाय, क्लेब्सिएला, स्ट्रेप्टोकोकस युबेरिस. हे शेणात, मुतात, ओल्या बिछान्यात, चिखलात आणि साचलेल्या पाण्यात असतात. त्यांना एका गायीकडून दुसरीकडे जाण्याची गरज नसते, गाय ओल्या जागी बसली की ते तिच्या सडाला आपोआप लागतात.

हा भेद केवळ पुस्तकी नाही. १९६० च्या दशकात ब्रिटनमधल्या रीडिंगजवळच्या दुग्धसंशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी पाच कलमांचा एक कार्यक्रम तयार केला: धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे, गाय आटवताना, म्हणजे पुढच्या वेताआधी तिची धार बंद करताना, सर्व सडांत प्रतिजैविक सोडणे, उघड रोगावर वेळीच उपचार करणे, जुनाट रोगी गायी काढून टाकणे आणि दूध काढण्याच्या यंत्राची नियमित देखभाल करणे. ज्या कळपांनी तो नेटाने पाळला तिथे पहिल्या गटातले जिवाणू झपाट्याने मागे हटले. परिसरातल्या जिवाणूंपुढे मात्र तो अपुरा पडला, कारण त्यांचा साठा गायीच्या पायाखाली होता. आपल्या गोठ्यात कोणता गट वरचढ आहे हे ठरवल्याशिवाय सगळी मेहनत एकाच बाजूला लावली, तर ती वाया जाण्याची शक्यता असते.

स्टॅफिलोकोकस ऑरियसबद्दल नवख्याने विशेष सावध राहावे. तो कासेच्या ऊतीत बारीक गळवे करून राहतो, पेशींच्या आतही दडतो, आणि त्याचे अनेक प्रकार पेनिसिलिन निकामी करणारे विकर तयार करतात. शिवाय तो दुधात सतत सारख्या प्रमाणात उतरत नाही, त्यामुळे एका तपासणीत सापडला नाही म्हणजे तो नाहीच असे म्हणता येत नाही. याउलट स्ट्रेप्टोकोकस ॲगॅलॅक्टिए पेनिसिलिनला सहसा चांगला दाद देतो आणि कळपातून पूर्ण हद्दपार करता येतो. मायकोप्लाझ्माला पेशीभित्तिकाच नसते, म्हणून पेनिसिलिन आणि त्याच्या जातकुळीतली औषधे त्याच्यावर चालत नाहीत. एकाच लक्षणामागे इतके वेगळे स्वभाव असताना नमुना न तपासता औषध निवडणे म्हणजे अंधारात दगड मारणे होय.

पायरी ३: आपल्या कळपातल्या धोक्याच्या गायी आधी ओळखून ठेवा

सगळ्या गायींना सारखा धोका नसतो. वय आणि वेत वाढत जाते तसा धोका वाढतो. जुन्या गायीच्या सडाचा स्नायू सैल पडलेला असतो, कास खाली ओघळलेली असते आणि मागच्या वेतांतला एखादा संसर्ग आत रेंगाळत असण्याची शक्यताही असते. तरी पहिलारू कालवडींना गृहीत धरू नये. व्यायल्याबरोबर कासदाह दाखवणारी कालवड अनेक गोठ्यांत आढळते, आणि त्याचे कारण बहुधा ती गाभण असताना ज्या ओल्या, माश्यांनी भरलेल्या जागेत राहिली तिथे असते.

काळाचा विचार केला तर सर्वांत नाजूक टप्पे तीन आहेत: गाय आटवल्यानंतरचे पहिले दोन आठवडे, व्यायच्या आधीचे दोन आठवडे आणि व्यायल्यानंतरचा पहिला महिना. आटवल्यावर कासेत दूध साचून दाब वाढतो, रोजच्या धारेने जिवाणू धुऊन निघणे थांबते आणि सडाचे तोंड बंद करणारे केराटिनचे बूच तयार व्हायला वेळ लागतो. काही सडांत ते कित्येक आठवडे नीट तयारच होत नाही. व्यायच्या सुमारास गायीची प्रतिकारशक्ती उतरलेली असते. या काळात रक्तातले कॅल्शियम घसरले तर दुहेरी नुकसान होते, कारण स्नायूंच्या आकुंचनाला कॅल्शियम लागते आणि सडाचे तोंड आवळणारा स्नायूही त्याला अपवाद नाही. शिवाय गाय उठायला टाळते आणि सड जास्त वेळ जमिनीला टेकून राहतात. दुधाच्या मानाने खाणे कमी पडून अंगावरची चरबी वितळू लागली, किटोसिस झाला, तर पांढऱ्या पेशींचे कामही मंदावते. खाद्यात जीवनसत्त्व ई आणि सेलेनियम कमी असल्यास त्या पेशींची जिवाणू मारण्याची क्षमता घटते. म्हणूनच कासदाहाचा प्रतिबंध गव्हाणीतूनही होतो, आणि व्यायच्या आधीच्या खुराकाची आखणी पशुवैद्यकाशी बोलून करणे हा त्या कामाचाच भाग आहे.

सडाची स्थिती पाहण्याची सवय लावून घ्यावी. टोकाशी गुळगुळीत, बारीक छिद्र असलेला सड चांगला. छिद्राभोवती खरखरीत, फुलासारखे फाटलेले कडे दिसू लागले, तर जिवाणूंना लपायला खाचा तयार झाल्या आहेत असे समजावे; यंत्र गरजेपेक्षा जास्त वेळ लावून ठेवणे किंवा निर्वात दाब अधिक असणे ही त्याची नेहमीची कारणे. चिरा, जखमा आणि शेजारच्या गायीच्या पायाखाली चिरडलेला सड यांचाही धोका मोठा असतो.

गोठ्याच्या बाजूने पाहिल्यास दाटी, ओल, उष्ण व दमट हवा आणि माश्या हे मुख्य घटक आहेत. एक सोपी खूण सांगतो. धारेच्या आधी गायींच्या मागे उभे राहून कास आणि मागचे पाय पाहावेत. ज्या गोठ्यात शेणाने माखलेल्या कासा जास्त, तिथे परिसरातल्या जिवाणूंचा कासदाह जास्त, हे नाते फार क्वचित चुकते.

पायरी ४: न दिसणारा रोग शोधा

सडात जिवाणू शिरले की रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्यावर धावून येतात आणि दुधात उतरतात. दुधातल्या या पेशींची मोजणी म्हणजे सोमॅटिक सेल काउंट. निरोगी भागाच्या दुधात ती प्रति मिलिलिटर सहसा १ लाखाच्या आत असते; गायीच्या एकत्रित दुधात ती २ लाखांच्या वर गेली, तर किमान एका भागात संसर्ग आहे असे मानून पुढचे पाऊल उचलावे. या आकड्याला व्यापारातही किंमत आहे: युरोपीय संघात संकलित गायीच्या दुधासाठी ही मर्यादा ४ लाख आणि अमेरिकेत साडेसात लाख आहे. पेशी वाढलेल्या दुधात केसीन (दुधातले मुख्य प्रथिन) आणि लॅक्टोज (दुधातली साखर) घटते, सोडियम व क्लोराइड वाढते. दूध किंचित खारट लागते आणि त्याचे चीज किंवा पनीर कमी पडते.

प्रयोगशाळा जवळ नसली तरी गोठ्यातच करता येणारी एक चाचणी आहे, ती १९५७ साली शाल्म आणि नूरलँडर यांनी कॅलिफोर्नियात मांडली आणि आजही तिच्याइतकी स्वस्त व उपयुक्त दुसरी चाचणी मला माहीत नाही. तिला कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट, थोडक्यात सीएमटी म्हणतात. चार कप्प्यांची एक पसरट थाळी मिळते. पहिल्या दोन-तीन धारा सोडून द्याव्यात, मग प्रत्येक सडाचे दोन-तीन मिलिलिटर दूध आपापल्या कप्प्यात घ्यावे, तेवढेच जांभळे द्रावण घालावे आणि थाळी आडवी धरून हळू गोल फिरवावी. द्रावण पेशी फोडते आणि त्यांतल्या डीएनएमुळे मिश्रण घट्ट होते. दहा-पंधरा सेकंदांत निकाल वाचायचा. मिश्रण पाण्यासारखे पातळ राहिले तर तो भाग ठीक आहे. किंचित चिकटपणा दिसून फिरवता फिरवता नाहीसा झाला तर शंका धरून काही दिवसांनी पुन्हा पाहावे. लापशीसारखे दाट झाले, किंवा फिरवताना मध्यभागी गोळा होऊन उंचवटा आला, तर त्या भागात दाह आहे.

ही चाचणी महिन्यातून एकदा सर्व दुभत्या गायींची करावी, आणि आटवण्याच्या आधी आवर्जून करावी. व्यायल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत चिकामुळे आणि वेताच्या अगदी शेवटी, दूध फार थोडे उरल्यावर, पेशी तशाही जास्त असतात. तेव्हा त्या काळात चारही सडांची आपसांत तुलना करावी आणि एकच भाग वेगळा दिसत असेल तर त्याकडे लक्ष द्यावे.

पायरी ५: धार काढण्याचा क्रम बसवा

येथे सर्वाधिक वेळ द्यावा, कारण हे काम दिवसातून दोनदा होते आणि छोटी चूक वर्षभरात सातशेहून अधिक वेळा घडते.

आधी गायींचा क्रम ठरवावा. निरोगी पहिलारू प्रथम, मग निरोगी जुन्या गायी, मग पेशी वाढलेल्या आणि सर्वांत शेवटी उघड कासदाहाच्या किंवा औषध चालू असलेल्या गायी. हा क्रम पाळल्याने कोणताही खर्च न करता पहिल्या गटातल्या जिवाणूंची वाट अडते. हात साबणाने धुवावेत आणि शक्य असेल तिथे गुळगुळीत हातमोजे घालावेत; हाताच्या भेगांत स्टॅफिलोकोकस टिकून राहतो, मोज्यावरून तो धुऊन जातो.

गायीजवळ शांतपणे जावे. आरडाओरड, मार, अनोळखी माणूस किंवा कुत्रे यांमुळे तिच्या रक्तात ॲड्रेनॅलिन उतरते आणि ती पान्हा चोरते. मग काळ्या पृष्ठभागाच्या कपात प्रत्येक सडाच्या तीन-चार धारा घ्याव्यात आणि गाठी, पाणचटपणा, रक्ताची झाक यांकडे पाहावे. हीच उघड रोग पकडण्याची सर्वांत लवकरची संधी असते. या धारा जमिनीवर किंवा तळहातावर कधीही घेऊ नयेत, कारण जमिनीवर पडलेले जिवाणू बिछान्यात जातात आणि तळहातावरचे पुढच्या सडाला लागतात.

त्यानंतर सड स्वच्छ करावेत. संपूर्ण कासेवर बादलीभर पाणी ओतण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे आणि ती सोडून द्यावी असे मी आग्रहाने सांगेन. कासेवरून ओघळणारे घाण पाणी सडाच्या टोकाशी जमते आणि ते वाळण्याआधीच धार सुरू होते. फक्त सड धुवावेत, तेही माखलेले असतील तर. मग सड धारेआधीच्या जंतुनाशकात बुडवावेत, सुमारे तीस सेकंद थांबावे आणि प्रत्येक गायीसाठी वेगळ्या कोरड्या फडक्याने किंवा कागदाने पुसावेत. पुसताना सडाचे टोक विशेष फिरवून पुसावे. एकच फडके सगळ्या गायींना वापरणे म्हणजे पहिल्या गटातल्या जिवाणूंना दारोदार पोहोचवणे.

सडाला स्पर्श झाल्यापासून एक ते दोन मिनिटांत धार सुरू व्हावी. स्पर्शाने ऑक्सिटोसिन स्रवते, पान्हा सुटतो, आणि त्याचा जोर काही मिनिटांतच ओसरतो. घाई केली तर कोरड्या सडावर ओढ बसते, उशीर केला तर दूध मागे राहते.

हाताने धार काढत असल्यास पूर्ण मुठीने काढावी. अंगठा दुमडून त्याच्या पेरावर सड दाबण्याची सवय अनेकांना असते. तिच्यामुळे सडाच्या आतल्या नाजूक अस्तराला वारंवार इजा होते आणि कालांतराने आत गाठ किंवा अरुंदपणा येतो. चिमटीने ओढणे फक्त फार आखूड सडांसाठी किंवा शेवटच्या थोड्या धारांसाठी असावे. सड ओला करण्यासाठी दुधात बोटे बुडवणे किंवा थुंकी लावणे हे थेट जिवाणू पेरणे आहे. धार कोरड्या हाताने काढावी.

धार संपताच, सड अजून ओले आणि तोंड उघडे असताना, प्रत्येक सड आयोडीनच्या अर्धा ते एक टक्का द्रावणात किंवा पशुवैद्यकाने सुचवलेल्या सडांच्या दुसऱ्या जंतुनाशकात, निदान खालचा दोन-तृतीयांश भाग बुडेल इतका बुडवावा. द्रावणात त्वचा मऊ ठेवणारे ग्लिसरीनसारखे घटक असावेत, नाहीतर सडाला चिरा पडतात. कपात शेण किंवा दूध मिसळले तर ते द्रावण ओतून देऊन नवे घ्यावे. उरलेले पुन्हा मूळ बाटलीत टाकू नये. एखाद्या नवख्याला सबंध लेखातली एकच गोष्ट उद्यापासून करायची असेल तर ती ही असावी. हिने जुना संसर्ग बरा होत नाही, त्यामुळे पहिल्या महिन्यात फरक दिसला नाही म्हणून ती सोडून देण्याची चूक अनेक जण करतात; तिचे काम नवा संसर्ग थांबवण्याचे आहे आणि तो परिणाम महिन्यांच्या हिशेबाने दिसतो.

शेवटी, दार मिटेपर्यंत गायीला उभे ठेवायचे असते. ताजा चारा आणि पाणी धारेनंतर लगेच समोर आले की बहुतेक गायी अर्धा-पाऊण तास उभ्या राहून खातात. चारा आधी आणि धार नंतर असा उलटा क्रम असेल तर तो बदलावा.

पायरी ६: यंत्र असल्यास त्याची काळजी

यंत्राचा निर्वात दाब, स्पंदनांचा वेग आणि त्यांचे प्रमाण वर्षातून किमान एकदा जाणकाराकडून तपासून घ्यावे. बऱ्याच यंत्रांत मिनिटाला सुमारे ६० स्पंदने असतात. रबरी लायनर, म्हणजे कपाच्या आत सडाभोवती बसणाऱ्या नळ्या, उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत बदलावेत. अनेक लायनरांसाठी ती सुमारे २५०० धारांची असते. जुन्या रबराला बारीक भेगा पडतात आणि त्यांत जिवाणू वसतात. कप घसरून ‘फस्स’ असा आवाज आला की आत हवा शिरते आणि दुधाचे थेंब वेगाने उलट सडाच्या टोकावर आदळतात, म्हणजे दार उघडे असताना जिवाणू आत फेकले जातात. कप काढताना आधी निर्वात बंद करावा आणि मगच काढावा.

पायरी ७: बसायची जागा कोरडी ठेवा

गाय दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते आणि तेवढा वेळ तिचे सड बिछान्याला टेकलेले असतात. वाळूत जिवाणूंना खायला फारसे काही नसते, म्हणून स्वच्छ, कोरडी वाळू हा उत्तम बिछाना मानला जातो. पेंढा आणि लाकडाचा भुसा मऊ असला तरी ओला झाला की जिवाणू झपाट्याने वाढवतो. लाकडी भुशाचे क्लेब्सिएलाशी आणि पेंढ्याचे स्ट्रेप्टोकोकस युबेरिसशी असलेले नाते परिचित आहे. बिछाना कोणताही असो, मागचा भाग, जिथे कास टेकते, रोज दोनदा साफ करावा. व्यायची जागा वेगळी असावी आणि प्रत्येक गायीनंतर ती बदलून घ्यावी. आजारी गायींना तिथे ठेवू नये.

पायरी ८: भाकड काळाची तयारी

दोन वेतांमध्ये सुमारे ४५ ते ६० दिवसांची विश्रांती कासेला हवी असते. सुप्त कासदाह बरा करण्याची सर्वांत चांगली संधीही हीच, कारण आटवताना सडात सोडलेले दीर्घकाळ टिकणारे प्रतिजैविक धारेबरोबर बाहेर जात नाही. पूर्वी सर्व गायींच्या सर्व सडांत ते सोडण्याचा प्रघात होता. जिवाणू औषधांना दाद देईनासे होत असल्याने आता तो बदलत आहे; युरोपीय संघात २८ जानेवारी २०२२ पासून निरोगी गायींना सरसकट प्रतिबंधात्मक प्रतिजैविक देण्यास मनाई आहे. माझ्या मते ही दिशा योग्य आहे, पण ती तपासणीच्या आधारावरच चालते. पेशींची मोजणी किंवा सीएमटी करून आजारी गायींना प्रतिजैविक द्यावे, आणि निरोगी गायींच्या सडात बिस्मथ सबनायट्रेटचे बूच बसवावे. हे बूच जिवाणू मारत नाही, फक्त दार बंद ठेवते. म्हणून ते घालताना सडाचे टोक अल्कोहोलच्या बोळ्याने काळजीपूर्वक पुसले नाही तर जिवाणू आतच कोंडले जातात आणि गाय दगावूही शकते.

पायरी ९: रोग दिसल्यावर

तीन प्रश्न विचारावेत: फक्त दूध बदलले आहे का, कासेचा तो भागही सुजला किंवा गरम झाला आहे का, आणि गाय स्वतः आजारी आहे का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल, म्हणजे गाय खात नसेल, कान थंड असतील, डोळे खोल गेले असतील, दूध पिवळसर पाण्यासारखे येत असेल, तर पशुवैद्यकाला त्याच तासाला बोलवावे. ई. कोलायसारख्या जिवाणूंनी मरताना सोडलेल्या विषाने गायीच्या शरीराला धक्का (शॉक) बसतो आणि तिला शिरेतून द्रव व दाह कमी करणारी औषधे तातडीने लागतात. अशा गायीचा ताप उतरून अंग गार पडले तर ते बरे होण्याचे नव्हे, हातातून जाण्याचे लक्षण असू शकते.

पहिल्या दोन प्रकारांत घाईपेक्षा नमुना महत्त्वाचा आहे. औषध देण्याआधी सडाचे टोक सत्तर टक्के अल्कोहोलने पुसावे, पहिल्या काही धारा सोडाव्यात, निर्जंतुक नळी तिरकी धरून थोडे दूध घ्यावे, थंड ठेवावे आणि प्रयोगशाळेत पाठवावे. ई. कोलायचे सौम्य संसर्ग गाय बहुधा स्वतःच मोडून काढते, तिथे प्रतिजैविकाने फारसे साधत नाही. औषध, मात्रा आणि दिवस पशुवैद्यकानेच ठरवावेत, आणि दूध सुधारल्यासारखे दिसले म्हणून ठरलेला क्रम मध्येच तोडू नये. ट्यूब सोडताना तिचे टोक तीन-चार मिलिमीटरच आत घालावे. पूर्ण आत खुपसल्यास केराटिनचा थर खरवडला जातो.

औषध चालू असतानाचे आणि त्यानंतर ठरवून दिलेल्या दिवसांचे चारही सडांचे दूध बाजूला काढावे. ते विकू नये, घरात वापरू नये, वासरांना पाजू नये. उकळल्याने बहुतेक प्रतिजैविके पुरेशी नष्ट होत नाहीत, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियसने दुधात तयार केलेले विषही उकळीला टिकते. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्या माणसाला अशा दुधाचा गंभीर त्रास होऊ शकतो.

पायरी १०: वही ठेवा आणि ती वाचा

प्रत्येक प्रसंगी गाय, सड, तारीख, दुधाचे स्वरूप, गाय व्याल्यापासूनचे दिवस, दिलेले औषध आणि दूध वेगळे ठेवण्याची शेवटची तारीख लिहावी. विकत आणलेली प्रत्येक गाय कळपात मिसळण्याआधी तपासून तिचा निकालही पहिल्या ओळीत लिहावा. पहिल्या गटातले जिवाणू बहुधा अशाच पाहुण्या गायीबरोबर येतात.

तीन-चार महिन्यांनी ही वही उलगडून बसावे. बहुतेक प्रसंग व्यायल्यापासून महिन्याभराच्या आतले असतील तर चूक भाकड काळात किंवा व्यायच्या जागेत शोधावी. ते वेतभर विखुरलेले असून ओल्या हंगामात वाढत असतील तर बिछाना आणि धारेआधीची स्वच्छता पाहावी. पेशी सतत जास्त असलेल्या त्याच त्या गायी दिसत असतील आणि त्यांची संख्या हळूहळू वाढत असेल, तर धार काढताना कुठेतरी जिवाणू हातोहात जात आहेत. तेव्हा त्या गायींचे नमुने पाठवावेत, त्यांची धार शेवटी लावावी, आणि स्टॅफिलोकोकस ऑरियस निघून दोनदा उपचार होऊनही पेशी खाली आल्या नाहीत, तर ती गाय कितीही लाडकी असली तरी दुभत्या कळपातून वेगळी करावी.